हाय की नाय

निवृत्त होऊन मला वर्ष झालं, तरी बागेत पाऊल टाकलं की माझी मान आधी वर जाते. बाकीचे लोक फुलं बघतात, पोरं बघतात, बसायला मोकळं बाकडं बघतात. मी वाळक्या फांद्या बघते. मग झोपाळ्याच्या साखळ्या, मग विजेच्या खांबांची झाकणं. नवऱ्याने माझ्याबरोबर फिरायला येणं केव्हाच सोडलंय. तू फिरायला नाही, पाहणीला येतेस, असं म्हणतो आणि एकटाच पुढे निघून जातो. जाऊ दे. इतकी वर्षं एकच काम केलं की ते अंगात मुरतं, त्याला मी तरी काय करणार.

माझं काम नेमकं काय, हे नातेवाईकांना शेवटपर्यंत कळलं नाही. पनवेल आणि आसपासच्या बागांची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत मी सुरक्षा आणि प्रशिक्षण बघायचे. म्हणजे गवत कापायचं मशीन कसं धरायचं, औषध फवारताना तोंडाला काय बांधायचं, शिडी कुठे टेकायची, साप निघाला तर काय करायचं, हे बागेतल्या माणसांना शिकवायचं. आणि तरीही काही झालंच, तर ते का झालं याचा अहवाल लिहायचा. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमची सून बागेत असते. ऐकणाऱ्याला वाटायचं मी गुलाबांना पाणी घालते. मी चिडायचे. आता वाटतं, घातलं असतं तरी काय बिघडत होतं.

पुण्याहून लग्न करून नवीन पनवेलला आले तेव्हा मी स्वतःला भलतीच शहाणी समजायचे. सुरक्षेचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात, कारखान्यातला दोन वर्षांचा अनुभव, आणि तोंड असं की समोरचा चुकला की त्याला सोडायचं नाही. आजही फारसा फरक नाही म्हणा. पण तेव्हा मी चूक असू शकते हे मनातसुद्धा येत नसे. आता निदान येतं, आणि ते कोणामुळे येतं हेच सांगायचंय.

पहिलं प्रशिक्षण मी एका बागेच्या पंपघरात घेतलं. भिंतीवर पांढरी चादर लावून चित्रं दाखवली. समोर सतरंजीवर पंचवीसेक बायका आणि सात-आठ पुरुष. बायका बहुतेक पळस्प्यापासून उरणपर्यंतच्या गावांतल्या, साड्या वर खोचलेल्या, डोक्याला टॉवेल. पहिल्याच चित्रात नारिंगी कपड्यांतला एक परदेशी माणूस होता, तोंड लालबुंद. मागून एक बाई शांतपणे म्हणाली की ह्याला आधी सावलीत घ्या, भाजलाय बिचारा. सगळं पंपघर खो खो हसलं. मी खेकसले, "कोण बोललं?" तर ती उभी राहिली. पन्नाशीची, रुंद हाडाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती त्या टोळीची मुकादम होती.

मुकादम म्हणजे आठ-दहा जणांकडून काम करून घेणारी. ती बागेत पहिली रोपं लागली तेव्हापासून होती, म्हणजे तिथले अर्धेअधिक गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष तिच्या हातचे. तिच्या सासरचं मिठागर होतं तिथे आता द्रोणागिरीकडची गोदामं उभी आहेत. त्याबद्दल ती फार बोलत नसे. झाडांबद्दल मात्र बोलायची, आणि ती झाडं आपल्या सुना असल्यासारखी त्यांना नावं ठेवायची. ही आळशी हाय, हिला पानी लय लागतं, ही नुसती पसरते.

पुढच्या महिन्यात मी सगळ्यांना हेल्मेटं वाटली. दुसऱ्या दिवशी बघते तर झाडाखाली सहा हेल्मेटं उलटी मांडलेली आणि सगळ्यांत जांभळं. मी असा तोंडाचा पट्टा सोडला की फाटकावरचा पहारेकरी आत आला. मुकादमबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं एक हेल्मेट माझ्यापुढे केलं. जांभळं मोठी होती, गारही होती. मी खात खात उरलेलं बोलले. त्या दिवसापासून मला 'टोपीवाली बाय' हे नाव पडलं, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. ऑफिसात 'मॅडम' म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मला कधी मूठभर जांभळं दिली नाहीत.

मे महिन्यात छाटणी असायची. पावसाळ्याआधी वाळक्या आणि वाकलेल्या फांद्या उतरवायच्या, नाहीतर वाऱ्यात पडून कोणाच्या तरी डोक्यात बसायच्या. झाडावर चढायचा मुकादमबाईंचा पुतण्या, तिशीतला, काटक, चढताना बोलायचा नाही. आणि खाली बुंध्याला टेकून मुकादमबाई उभ्या असायच्या, हातात कोयता उलटा धरून. पुतण्या वर तयार झाला की करवतीचं मशीन हळू करून थांबायचा. त्या चहूबाजूला बघायच्या आणि कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर दोन ठोके द्यायच्या. ठोके त्याला पायाच्या तळव्यांना लागायचे. मग तो कापायचा. ठोका नाही तर कापणं नाही. माडावर चढणाऱ्यांची ही जुनी रीत, त्यांच्या गावात कोणी कोणाला शिकवत नसे, आपोआप यायची.

मी ती पहिल्यांदा पाहिली आणि माझा जीव खालीवर झाला. फांदी वर कापताहेत आणि बाई बरोबर तिच्या खाली उभी! मी छाटणी तिथल्या तिथे थांबवली. झाडाभोवती दोरी बांधली, दोरीच्या आत कोणीही जायचं नाही असं बजावलं, आणि ऑफिसात बसून एक पुस्तिका लिहिली. झाडावरच्याने विचारावे, 'खाली कोणी आहे का?' दोरीबाहेरच्या मुकादमाने मोठ्याने उत्तर द्यावे, 'आहे' किंवा 'नाही'. 'नाही' ऐकल्यावरच फांदी कापावी. शिट्टी ठेवली नाही, कारण बागेचे पहारेकरी गवतावर बसणाऱ्या जोडप्यांना दिवसभर शिट्ट्याच मारत असतात. आमच्या साहेबांना पुस्तिका फार आवडली. कंपनीच्या सगळ्या बागांत हीच लावू म्हणाले, आणि मला वरची जागा देण्याचं बोलू लागले.

मुकादमबाईंनी पुस्तिका हातात घेतली, उलटसुलट केली, आणि ठोक्याचं काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, आता ठोका नाही, आता बोलायचं.

सराव घेतला तेव्हा गंमत झाली. 'आहे' आणि 'नाही' त्यांच्या तोंडात बसेना. पुतण्या वरून ओरडायचा, आणि मुकादमबाई खालून पुस्तकी आवाजात 'ना-ही' म्हणायच्या की बाकीच्या बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. मुकादमबाईंचं तोंड उतरलं. मला कसंसंच झालं. पन्नाशीच्या बाईला मी पहिलीतल्या मुलीसारखी उभी केली होती. मग मी, मोठ्या मनाची, म्हटलं, अहो, तुमच्या भाषेत बोला ना, हाय-नाय म्हणा, चालेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी नवऱ्याला कौतुकाने सांगितलं की मी आज लोकांची भाषा नियमात आणली. पुस्तिकेत मात्र बदल केला नाही. ती छापून झाली होती.

त्याच आठवड्यात नवीन सामान आलं, त्यात कानांवर लावायचे जाड मफ होते. मशीनच्या आवाजाने कान जातात, म्हणून मी भांडून ते मागवले होते. पुतण्याला ते घालायला लावले. त्याने नाखुशीने घातले.

आता हे तीन नियम शेजारी ठेवून बघा. माणसाचे कान मी बुजवले. पायाला लागणारा ठोका काढून घेतला. आणि त्याला ओळखायला दोन शब्द दिले, हाय आणि नाय, ज्यांत फक्त पहिल्या अक्षराचा फरक. मी शिकलेली बाई, आणि हे मला दिसलं नाही.

ती बाग महामार्गापासून जवळ होती. न्हावा शेव्याकडे जाणारे कंटेनर पळस्प्याच्या बाजूने येताना त्या वळणावर हॉर्न दाबूनच यायचे. नव्या नियमांनी छाटणी सुरू झाल्याचा तिसरा दिवस, सकाळचे साडेदहा. झाडू मारणाऱ्या एका मावशीचा डबा झाडाच्या खालच्या फांदीला लटकवलेला राहिला होता. ती दोरी उचलून आत गेली. वरून पुतण्याने विचारलं, खाली कोन हाय का? मुकादमबाई जीव खाऊन ओरडल्या, "हाय! हाय!" मी पलीकडे नळापाशी होते, मी कानांनी ऐकलं. फांदी खाली आली.

देवाची कृपा म्हणून ती मावशीच्या डोक्यात न बसता खांद्यावरून घसरली. हाड मोडलं. रिक्षात घालून नेताना ती डबा कुठाय विचारत होती. पुतण्या झाडावरून उतरला तो पांढराफटक, आणि पहिलं वाक्य बोलला ते काकीला. "तू नाय बोललीस." त्या म्हणाल्या, मी हाय बोलले. तो म्हणाला, नाय बोललीस. ही दोघं एका अंगणात राहणारी. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं.

चौकशी तीन दिवसांनी ऑफिसात झाली. साहेब, मी, पुतण्या आणि मुकादमबाई. मी तोपर्यंत अनेक चौकशांत बसले होते आणि मला वाटत होतं की हीही तशीच होईल. मी सांगितलं की मी स्वतः 'हाय' ऐकलंय. साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी पुस्तिका उघडली, बोट ठेवलं, आणि मुकादमबाईंना म्हणाले की इथे 'आहे' छापलंय. तुम्ही 'आहे' म्हणालात का? त्या म्हणाल्या, हाय म्हनाले. साहेब म्हणाले, म्हणजे नियमाप्रमाणे बोलला नाहीत. नियम मोडला म्हणून माणूस जखमी झाला.

एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही शिकवताना 'आहे'च शिकवलं होतंत ना?

त्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं. हाय-नाय म्हणा असं मीच सांगितलं होतं, त्यांचा दोष नाही. झालं. त्या वाक्याला किती वेळ लागतो? पण माझ्या डोळ्यांसमोर वरची जागा होती, सगळ्या बागांत जाणारी पुस्तिका होती, आणि मी चुकले हे साहेबांसमोर म्हणायची सवय तर मुळीच नव्हती. मी म्हणाले, पुस्तिकेत जे आहे तेच प्रशिक्षण होतं.

मुकादमबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने आपल्याला हाक मारली असं वाटून आपण वळून बघतो तसं. पुतण्याने मान खाली घातली. त्यालाही ठाऊक होतं, टाळ्या त्यानेही वाजवल्या होत्या. पण त्याला वाटत होतं काकी खरंच 'नाय' म्हणाली. अहवालात कारण म्हणून 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं आणि खाली माझी सही झाली. उद्यापासून येऊ नका, पुढचं कळवू, असं त्यांना सांगण्यात आलं. कंत्राटातल्या माणसाला पुढचं कधी कळवत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

नंतरचे दिवस मी फार चिडचिडी होते. घरात सगळ्यांवर डाफरायचे. भाजीत मीठ जास्त, पंखा मोठा, दार उघडं. मनाची समजूत घालत होते की कदाचित तिने खरंच घाबरून 'नाय' म्हटलं असेल, मलाच चुकीचं ऐकू आलं असेल. बागेत गेले की बायका उठून उभ्या राहायच्या, मॅडम म्हणायच्या. टोपीवाली बाय कोणी म्हणेना. जांभळांचा मोसम ऐन भरात होता आणि हेल्मेटं सगळ्यांच्या डोक्यावर होती, अगदी नियमाप्रमाणे.

चौकशीनंतर दहाव्या दिवशी मी त्याच झाडाला शिडी लावली. मला काय सापडेल याची कल्पना नव्हती. खरं तर मला माझीच बाजू सिद्ध करायची होती. पुतण्याला दोरीबाहेर उभं केलं. त्याला म्हटलं, मी विचारीन, तू मनाला येईल ते म्हण, हाय किंवा नाय, आणि कागदावर लिहून ठेव. मग मी मफ लावले, मशीन हळू चालू ठेवलं, आणि दहा वेळा विचारलं. रस्त्यावरून कंटेनर जात होते. मला ऐकू येत होतं ते फक्त 'आय'. दर वेळी 'आय'. 'आय'च्या आधी काय आहे ते मी मनानेच ठरवत होते. फांदी कापायची घाई असलेल्या माणसाचं मन काय ठरवेल, ते सांगायला नको.

खाली उतरून आम्ही कागद जुळवले. दहापैकी चार चुकले होते. त्या चारांत दोनदा त्याने हाय म्हटलं होतं आणि मी नाय ऐकलं होतं. माझ्या फांदीखाली दोनदा माणूस आला असता. पुतण्याने त्या चारही चुका बोट ठेवून पुन्हा मोजल्या. मग मटकन खाली बसला आणि रडला. म्हणाला, "काकी खरा बोलत व्हती."

त्याचं रडणं सरळ होतं. माझं तसं नव्हतं. त्याला खरं माहीत नव्हतं, मला माहीत होतं.

अकराव्या दिवशी सकाळी मी साहेबांपुढे दुसरा अहवाल ठेवला. त्यात लिहिलं होतं की हाय-नाय म्हणण्याची परवानगी मी दिली, कानाला मफ मी लावले, ठोक्याची सुरक्षित पद्धत मी बंद केली, आणि चौकशीत मी खोटं बोलले. शेवटचं वाक्य लिहायला मला सगळी रात्र लागली होती. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, आणि हे कशाला उकरताय असं विचारलं. त्यांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं होतं. मी म्हटलं, माझं मिटलं नाही. ते बरंच बोलले. वरच्या जागेचा विषय त्या दिवशी जो संपला तो पुन्हा निघाला नाही. पुस्तिका कपाटात गेली. पण मुकादमबाईंना बोलावून घ्यायचं पत्र त्यांनी सहीनिशी दिलं, हे मात्र त्यांच्याविषयी सांगायला हवं.

पत्र घेऊन मी त्यांच्या गावी गेले. त्या अंगणात चादरीवर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालत होत्या. मला पाहून उठल्या, आत जाऊन पाणी आणलं, कोरा चहा टाकला. जणू मी दर आठवड्याला येते. मी पत्र दिलं आणि दारातच सगळं सांगून टाकलं, शिडी, मशीन, चार चुका, दुसरा अहवाल. माफी मागितली. आयुष्यात मी मागितलेल्या माफ्या हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्यातली ती सर्वात अवघड. मग मी विचारलं, तुम्ही साहेबांना का सांगितलं नाहीत, की हाय म्हणायला मीच सांगितलं होतं?

त्या जवळ्यावरच्या माश्या हाकलत होत्या. म्हणाल्या, "मना वाटला, तुमी बोलाल."

मी चहा प्यायले. मग मला राहवेना, मी दुसरं विचारलं. ठोका बंद केला तेव्हा गडबड होईल हे तुम्हाला कळलं असणार, मग मला अडवलं का नाहीत?

"तुमी शिकवाला आल्या व्हत्या, बाय. इचाराला नाय."

एवढंच. पुढे त्यांनी माझ्या हातात वाळलेल्या जवळ्याची पिशवी दिली आणि सोमवारी येते म्हणाल्या. बसमध्ये त्या पिशवीचा वास सुटला होता, लोक माझ्याकडे बघत होते, आणि मी रडत होते. बाजूच्या बाईला वाटलं असेल हिचं माहेर सुटलं.

सोमवारी त्या आल्या त्या एक लांबच लांब बांबू घेऊनच. तुम्हाला दोरी पायजे ना, मग ही घ्या दोरी, आणि हा आमचा ठोका, म्हणाल्या. दोरीच्या बाहेर उभं राहून बांबूच्या टोकाने बुंध्याला दोन ठोके. माणूस फांदीखाली नाही, आवाजाचा प्रश्न नाही, कान बुजलेले असले तरी पायांना कळतं. आणि ठोका आला नाही तर कापायचं नाही, मग कारण काही का असेना. मी तेच लिहून काढलं, त्यांच्यासमोर बसून, एकेक वाक्य विचारून. त्यानंतर मी कोणत्याही बागेत शिकवायला गेले की पहिला अर्धा तास नुसती विचारत बसायचे. तुम्ही हे कसं करता? असंच का करता? लोकांना वाटायचं म्हातारी होत चालली, विसरते. वाटू दे.

ती पुढची वर्षं माझी सगळ्यात चांगली वर्षं. खारघरपासून द्रोणागिरीपर्यंत फिरले. मोटारसायकलच्या मागे बसून, गळ्यात ओळखपत्र, पिशवीत पट्ट्या आणि मलम. दुपारी झाडाखाली डबे उघडले की माझ्या पोळी-भाजीवर कोणीतरी सुकटीची चटणी ठेवायचंच. मुकादमबाई निवृत्त झाल्या तेव्हा टोळीने त्यांना साडी दिली आणि मी एक नवीन हेल्मेट दिलं, जांभळांनी भरून. खूप हसल्या. नंतर त्यांच्या पायांचं दुखणं वाढलं, येणंजाणं कमी झालं. त्या गेल्या तेव्हा मी मुलीकडे बंगळूरला होते. मला आठ दिवसांनी कळलं. ह्याची रुखरुख आहे, ती राहील.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी सकाळी त्याच बागेत फिरत होते. मान वर, नजर फांद्यांत, आणि मनात भलतंच काहीतरी. पायाखाली दोरी कधी आली आणि मी ती कधी ओलांडली, मला कळलंही नाही. सत्तावीस वर्षं सुरक्षा शिकवलेली बाई छाटणीच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली, आता काय म्हणायचं! डोक्यावर मशीन हळू आवाजात चालू होतं. चालूच राहिलं. कोणी ओरडलं नाही, काही पडलं नाही. मी वळून पाहिलं तर दोरीबाहेर तिशी-पस्तिशीची एक बाई बांबू हातात धरून शांत उभी होती. तिने ठोका दिला नव्हता, म्हणून वरचा थांबला होता.

ती आली आणि मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. म्हणाली, आजी, तुमी आत आल्याव म्हनून मी ठोका देला नाय, पन बघून चालत जा ना. मला ती ओळखत नव्हती. मी विचारलं, हा ठोका कोणी शिकवला? ती म्हणाली की आमच्या आधीच्या मुकादमबाई होत्या, त्यांचा. लय वर्षांपूर्वी फांदी पडली होती, तेव्हा त्यांची नोकरी जात होती.

मग कशी वाचली, असं मी विचारलं.

ती बांबू दुसऱ्या हातात घेत म्हणाली, "एक म्याडम व्हती. ती तवाच सायबासमोर उभी रायली आनि बोलली, चूक माजी हाय. बाय सगल्यांना सांगाची, म्याडम असावी तर अशी."

एवढं सांगून ती आपल्या जागेवर गेली, चहूबाजूला बघितलं, मी नीट बाहेर आहे ना ते बघितलं, आणि दोन ठोके दिले. फांदी खाली आली.

तवाच, म्हणे. मधले अकरा दिवस मुकादमबाईंनी कधी कोणाला सांगितलेच नव्हते. म्हणून ते आज मी सांगितले.